पुण्याहून मुंबई, दोन रात्री, दोन मुले: शुक्रवार दुपार ते रविवार रात्र कशी आखावी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले चौकोनी कुटुंब, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा. शुक्रवारी निघून रविवारी रात्री घरी परतायचे आहे. यादीत गेटवे, एलिफंटा, राणीची बाग, नेहरू विज्ञान केंद्र, तारांगण, म्युझियम, जुहू, हँगिंग गार्डन आणि डोंबिवलीची मावशी आहे. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?

यादीतले निम्म्याहून जास्त गाळा. मुंबईत मुलांना घेऊन फिरताना अर्ध्या दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, त्यापेक्षा जास्त नाही. नकाशावर राणीची बाग आणि विज्ञान केंद्र जवळ दिसतात. मध्ये असतात स्टेशनचा पूल, टॅक्सीची वाट, तिकिटाची रांग, दोनदा शू आणि एकदा भूक. पाच वर्षांचे मूल दिवसभरात तीन-चार किलोमीटर आनंदाने चालते. त्यापुढे त्याला कडेवर घ्यावे लागते आणि नऊ वर्षांच्या बहिणीची सहलही तिथेच संपते. राणीच्या बागेत नीट फिरले तरी दोन-अडीच किलोमीटर होतात. म्हणजे दिवसाचा चालण्याचा कोटा सकाळीच निम्म्याहून जास्त संपतो, आणि दुपारनंतरच्या ठिकाणी चालणे जवळजवळ नको, बसणे हवे.

मुक्काम कुठे करायचा, यावर बाकी सगळे अवलंबून आहे. या आराखड्यासाठी सीएसएमटी, फोर्ट आणि चर्चगेट यांच्यामधला भाग घ्या. खोली दादर किंवा अंधेरीपेक्षा महाग आणि बहुधा लहान मिळेल, पण दुपारी मुलांना झोपवायला खोलीवर परतता येते आणि त्या दोन तासांवर संध्याकाळ तरते. खोली घेताना चार गोष्टी फोन करून विचारा. लिफ्ट आहे का? फोर्टातल्या बऱ्याच लॉज आणि छोट्या हॉटेलांच्या इमारती जुन्या आहेत, स्वागतकक्षच दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतो. खोलीला खिडकी आहे का? जादा गादीचे किती पैसे आणि कितव्या वर्षापासून? गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळेतच? शिवाय रविवारी खोली सोडल्यावर संध्याकाळपर्यंत सामान ठेवतील का, तेही विचारून घ्या. नाही म्हणाले तर सीएसएमटीला रेल्वेची क्लोकरूम आहे, पण तिथे कुलूप न लावलेली बॅग घेत नाहीत. छोटी कुलुपे घरूनच न्या.

मावशीकडे उतरण्याचा मोह होईल. डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने एका बाजूने तास-सव्वा तास लागतो, स्टेशनपर्यंतची रिक्षा वेगळी. सकाळी निघालात तर ऐन गर्दीत, संध्याकाळी परतलात तर पुन्हा गर्दीतच. दुपारच्या झोपेचा तर विषयच नको. त्यापेक्षा मावशीलाच शनिवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बोलवा. कट्ट्यावर दोन तास गप्पा होतील, मुले पळतील, आणि रात्री उतारूंची गर्दी ओसरल्यावर तिला घरी जाता येईल. आधी फोन करून नीट सांगितले तर राग येत नाही.

शुक्रवारी दुपारची डेक्कन एक्स्प्रेस पुण्याहून सव्वातीनला सुटते आणि सात वाजून गेल्यावर सीएसएमटीला पोचते. शाळेतून अर्ध्या दिवसाने मुलांना आणले की ही गाडी मिळते. हिला व्हिस्टाडोम डबा आहे: छतालाही काच, मोठ्या खिडक्या, ४४ खुर्च्या आणि त्या गोल फिरतात. भाडे साध्या चेअर कारपेक्षा बरेच जास्त आहे. तरी एका बाजूने व्हिस्टाडोम घ्यायचाच असेल तर जातानाच घ्या. दुपारच्या उन्हात लोणावळा ते कर्जत हा बोरघाट उजेडात उतरतो. रविवारी परतताना हिवाळ्यात कर्जतलाच अंधार पडलेला असतो, काचेच्या छताचे पैसे वाया जातात. घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. त्यामुळे उतरताना गाडी ब्रेक तपासण्यासाठी घाटात मध्येच थांबते आणि परत येताना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. नऊ वर्षांच्या मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती बोगदे मोजत आणि इंजिनांची वाट बघत बसेल.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी असेल तर व्हिस्टाडोम आणि रविवारची डेक्कन क्वीन लवकर भरतात, म्हणून आधी परतीचे तिकीट काढा, मग जाण्याचे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण जागाही नाही. पाच पूर्ण झालेल्या मुलाला चेअर कार आणि सेकंड सीटिंगमध्ये पूर्ण भाडे पडते, कारण तिथे बिनजागेचे अर्धे तिकीट मिळत नाही. मुलाचा वाढदिवस प्रवासाच्या आसपास असेल तर वय प्रवासाच्या तारखेचे धरा आणि शाळेचे ओळखपत्र किंवा आधार जवळ ठेवा. घाटात मळमळणारे मूल असेल तर डॉक्टरांनी दिलेले औषध लोणावळा येण्याच्या अर्धा तास आधी द्या. घाट सुरू झाल्यावर देऊन उपयोग होत नाही.

गाडीने जाऊ नका असेच सांगेन. फोर्टात गाडी लावायला जागा शोधण्यात आणि एकेरी रस्ते फिरण्यात जो वेळ जातो, तो मुलांच्या वाट्याचा असतो.

सीएसएमटीला उतरल्यावर सामान खोलीवर टाकून लगेच जेवा. मुलांना पहिल्या रात्री नवीन काही चाखायला लावू नका. स्टेशनसमोरच्या जुन्या पंचम पुरीवाल्याकडची पुरीभाजी किंवा कुठल्याही उडुप्याकडचा साधा डोसा बरा. जेवून परत स्टेशनसमोर या. रात्री ही इमारत दिव्यांनी उजळलेली असते, आणि पालिकेच्या इमारतीच्या बाजूने उभे राहिले की समोरचा भाग पूर्ण दिसतो. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखली, आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. मुलांना हे सांगितले नाही तरी चालेल. त्यांना प्रवेशद्वाराच्या खांबांवर बसलेला एक सिंह आणि एक वाघ शोधायला लावा. मग भिंतींवरचे मोर, माकडे, झाडांची पाने. पंधरा मिनिटे पुरतात, आणि पहिल्या रात्री एवढेच.

शनिवारी सकाळी राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शनिवारच का, याला दोन कारणे आहेत. रविवारी तिथे अख्खी मुंबई येते, पेंग्विनसाठीची रांगच तासाभराची होऊ शकते. दुसरे म्हणजे रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार. तेव्हा धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, काही स्थानकांवर गाडीच थांबत नाही आणि ज्या येतात त्या खच्चून भरलेल्या. मुलांचा लोकलप्रवास शनिवारीच उरकून घ्यावा.

सीएसएमटीहून सकाळी नऊच्या सुमारास भायखळ्याला जाणारी लोकल रिकामी असते, कारण त्या वेळेची गर्दी उलट्या दिशेने, शहरात येणारी असते. मुंबईच्या लोकलमध्ये खिडकीशी बसून प्रवास करण्याची मुलांना मिळणारी ही सर्वांत सोपी संधी. भायखळा मशीद आणि सँडहर्स्ट रोडनंतरचे स्थानक, दहा मिनिटांचा प्रवास. तिकीट रेलवन अ‍ॅपवर किंवा स्थानकातल्या यंत्रावर काढा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. महिलांच्या डब्यात बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर बसू शकतो, म्हणजे गर्दी दिसली तर आई दोन्ही मुलांना घेऊन त्या डब्यात आणि वडील शेजारच्या डब्यात, असे वाटून घेता येते. चढताना मोठ्यांपैकी एकाने आधी चढावे, मग मुले, मग दुसऱ्याने. उतरतानाही हाच क्रम, आणि फलाट व पायरीमधली फट मुलांना आधी दाखवून ठेवावी.

चुकामूक झाली तर काय करायचे हे गाडीत बसण्याआधी ठरवा. नियम एकच: जो फलाटावर राहिला त्याने तिथून हलायचे नाही, जो गाडीत राहिला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून त्याच फलाटावर थांबायचे. मग मोठ्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे जायचे. दोघेही एकाच वेळी हलले की घोळ होतो. मुलांच्या मनगटावर आत्ता आपल्यापाशी चालू असलेला मोबाइल नंबर बॉलपेनने लिहा, आणि रोज सकाळी तो पुन्हा लिहा, घामाने पुसतो. नऊ वर्षांच्या मुलीला नंबर पाठच असावा. मदतीसाठी लहान मुलांचा १०९८ आणि रेल्वेचा १३९ हे क्रमांक आई-वडील दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

भायखळ्याला पूर्वेकडे उतरून बागेपर्यंत पंधरा मिनिटे चालत जाता येते, पण मुलांचे पाय आत वापरायचे आहेत, टॅक्सी करा. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आहे. रिक्षा इथे शोधू नका: वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीतच. टॅक्सीत चारच माणसे बसतात, त्यामुळे आजी-आजोबा बरोबर असतील तर दोन टॅक्स्या लागतील, हे हिशेबात धरा.

बाग साडेनऊला उघडते आणि बुधवारी बंद असते. आई-वडील आणि दोन मुले यांच्यासाठी एकत्रित तिकीट मिळते, खिडकीवर तसे सांगा, नाहीतर सुटी चार तिकिटे हातात पडतात. आत शिरल्यावर वाटेतले काहीही न बघता सरळ पेंग्विनकडे जा. हे हम्बोल्ट पेंग्विन मुळात चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नव्हेत. त्यांची खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात. साडेदहाच्या आत पोचलात तर काचेला नाक लावून उभे राहता येते. अकरानंतर मागून लोक पुढे सरकवतात. तिथून वाघ, बिबटे आणि अस्वले बघून घ्या. दुपारचे ऊन चढले की ही मंडळी सावलीत झोपतात आणि मुलांना रिकामा पिंजरा दिसल्यासारखे वाटते. पक्ष्यांचे मोठे जाळीघर शेवटी ठेवा: आत शिरून फिरता येते, पक्षी डोक्यावरून उडतात आणि ऊन असले तरी ते दिसतात.

बाहेर पडण्याआधी दगडी हत्ती नक्की दाखवा. तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी, बागेच्याच आवारात उभा आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगिजांनी एलिफंटा हे नाव ज्या हत्तीवरून दिले, तोच हा हत्ती. बेटावरून हलवताना फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. नीट पाहिले तर अंगावरचे सांधे दिसतात. मुलीला हा हत्ती दाखवून झाला की एलिफंटा या सहलीतून का वगळले, हे समजावणे सोपे जाते.

एलिफंटाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण यादीत सर्वांत जास्त वेळ खाणारे हेच आहे. गेटवेहून बोट एका बाजूने तासभर घेते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुकगाडी असते, पण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. लेणी पाहून परत यायला एकूण पाच तास धरा. सोमवारी लेणी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद. पायऱ्यांवर माकडे आहेत, ती मुलांच्या हातातला खाऊ आणि पाण्याची बाटली ओढून नेतात. मोठ्या माणसासाठी ती महेशमूर्ती आयुष्यात एकदा पाहण्यासारखीच आहे, पाच वर्षांच्या मुलासाठी तो एक मोठा काळोखी हॉल असतो. मुलगा आठ-नऊचा झाला की त्यासाठीच वेगळे या, थंडीत, सकाळच्या पहिल्या बोटीने. पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही.

बोटीत बसण्याची हौस मात्र याच सहलीत भागवता येते. गेटवेहून बंदरात अर्ध्या-पाऊण तासाची फेरी मारून आणणाऱ्या बोटी असतात. शनिवारी दुपारी एक-दीडच्या आत खोलीवर परतून, जेवून, मुलांना झोपवून साडेचारला गेटवेला जा. तिथे बॅगा तपासतात, म्हणून मोठी बॅग नेऊ नका. चढताना एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर पाऊल टाकावे लागते, धक्का आणि बोट यांत हलती फट असते. मुलाला उचलून घेण्याऐवजी बोटीवरच्या माणसाच्या हातात त्याचा हात द्या आणि तुम्ही मागून कमरेला धरा. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावतात. मुलांच्या मापाचे मागा, मोठ्यांचे जॅकेट लहान मूल पाण्यात पडल्यावर खांद्यांतून निसटते. डिसेंबर २०२४ मध्ये याच पाण्यात प्रवासी बोटीला मोठा अपघात झाला होता. बोटीत प्रमाणाबाहेर माणसे भरलेली दिसली तर तिकिटाचे पैसे सोडून द्या आणि पुढच्या बोटीने जा.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मरीन ड्राइव्ह. सीएसएमटी ते नरिमन पॉइंट या मार्गावर बेस्टची ११५ क्रमांकाची वातानुकूलित दुमजली बस धावते, किमान भाडे १२ रुपये. वरच्या मजल्यावरची सर्वांत पुढची जागा मिळावी म्हणून सीएसएमटीच्या टोकालाच चढा, एखादी बस सोडावी लागली तरी सोडा. मुले या बसबद्दल पेंग्विनइतकेच बोलतील. कट्ट्यावर मुलांना समुद्राच्या बाजूला पाय सोडून बसू देऊ नका. खाली सिमेंटच्या चौपायांचे ढिगारे आहेत, पडले तर काढणे फार कठीण. भरतीच्या वेळा आधी पाहून ठेवा. पावसाळ्यात मोठ्या भरतीला पोलीस कट्टा रिकामा करतात, आणि ते योग्यच आहे. या पूर्ण पट्ट्यावर स्वच्छतागृहे थोडी आहेत, म्हणून मुलांना आधीच खोलीवर किंवा हॉटेलात नेऊन आणा. चौपाटीवर भेळ घेतलीत तर तिखट चटणी वेगळी मागा. बर्फाचा गोळा मुलांना देऊ नका, बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे कळायला मार्ग नसतो आणि उलट्या सुरू झाल्या तर रविवार गेला. आइस्क्रीम खायचे असेल तर चर्चगेटजवळ के. रुस्तमकडे बिस्किटांमध्ये धरलेला जाड तुकडा मिळतो, तो खा.

रविवारी सकाळी फोर्ट शांत असतो. कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, चालायला छान. पण खानावळीही बऱ्याच बंद असतात, म्हणून नाश्त्याची सोय हॉटेलातच आहे का हे शनिवारी रात्री विचारा.

रविवारसाठी दोन पर्याय आहेत आणि त्यातला एकच घ्यायचा. मुलांना हातांनी काही करायला आवडत असेल तर नेहरू विज्ञान केंद्र. मेगाब्लॉकची भीती नाही, कारण आता भुयारी मेट्रो ३ सीएसएमटीपासून थेट सायन्स सेंटर स्थानकापर्यंत जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, आणि दक्षिण मुंबईतले मुलांचे फिरणे यामुळे खरोखर सोपे झाले आहे: सरकते जिने, लिफ्ट, थंडगार डबे, गर्दीतही दारात लोंबकळणे नाही. भाडे अंतराप्रमाणे १० ते ७० रुपये. विज्ञान केंद्र होळी-दिवाळीसारखे मोजके दिवस सोडले तर सोमवारीही उघडे असते. पाच वर्षांच्या मुलाला आत जाण्याआधी बाहेरच्या विज्ञान उद्यानात नेऊ नका, तो तिथून हलणारच नाही. आधी आतली आरशांची आणि ध्वनीची दालने, तासभर. मग बाहेर: जुने वाफेचे इंजिन, ट्राम, आणि भारतात बनलेले मरुत हे लढाऊ विमान. त्रिमितीय चित्रपटासारख्या खेळांची तिकिटे वेगळी असतात, त्यांच्या वेळा प्रवेशद्वारावरच विचारून घ्या. लहान मुले अंधारात चष्मा लावून दहा मिनिटांपेक्षा जास्त बसत नाहीत, त्यामुळे एकाने मुलीला खेळाला न्यावे, दुसऱ्याने मुलाबरोबर बाहेर थांबावे.

मुलीला इतिहास, शस्त्रे, प्राणी यांची ओढ असेल तर काळा घोडा भागातले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय घ्या. हुतात्मा चौक मेट्रो स्थानकापासून चालत जाता येते. इथे सगळे मजले बघायचा प्रयत्न करू नका. दोन गोष्टी पुरेत. एक, निसर्ग इतिहासाचे दालन, जिथे पक्षी-प्राणी त्यांच्या अधिवासाच्या देखाव्यांसह काचेमागे मांडले आहेत. दुसरी, शस्त्रांच्या दालनातले अकबराचे १५८१ सालचे चिलखत. मुलीला तिथे थोडा वेळ उभे राहू द्या. पोलादावर सोन्याने कोरलेली अक्षरे शोधायला सांगा आणि एवढे वजन घालून घोड्यावर बसायला किती ताकद लागत असेल, ते विचारा. धाकटा कंटाळला की त्याला आवारातल्या बालसंग्रहालयात न्या. ते २०१९ पासून आहे आणि जुन्या गोरखचिंचेच्या झाडाशेजारी आहे. नुसत्या त्या झाडाच्या बुंध्याभोवती फिरणेही त्याला पुरते. राष्ट्रीय सुट्टीला जोडून सहल असेल तर त्या दिवशी संग्रहालय उघडे आहे का, हे आधी फोन करून विचारा.

तारांगण सोमवारी बंद असते आणि खेळांच्या वेळा ठरलेल्या असतात. विज्ञान केंद्राला जोडून ते करायचे तर मधला वेळ रस्त्यावर काढावा लागतो, म्हणून या सहलीत नको. जुहू सीएसएमटीपासून लांब, यात बसत नाही. तारापोरवाला मत्स्यालय आणि एस्सेलवर्ल्ड तुम्ही लहानपणी पाहिले असेल, आता दोन्ही बंद आहेत. मुलांना आधी आशा दाखवू नका. हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट करायचाच असेल तर शनिवारी बोटीऐवजी तो घ्या आणि त्याला मलबार हिलचा उंचावरचा लाकडी मार्ग जोडा. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा हा ४८५ मीटरचा मार्ग मार्च २०२५ मध्ये खुला झाला. तिकीट २५ रुपये, वेळ ठरवून ऑनलाइन आरक्षण करावे लागते, आयत्या वेळी गेल्यास जागा मिळेलच असे नाही. मुलाला उंचीची भीती असेल तर काचेच्या सज्जावर त्याला ओढत नेऊ नका.

रविवारी दीडपर्यंत बाहेरचे सगळे संपवून निवांत जेवा. डेक्कन क्वीन सीएसएमटीहून पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते, पुण्याला साडेआठच्या आत. साडेचारला फलाटावर असा. ती मिळाली नाही तर दुपारच्या सिंहगड आणि प्रगती आहेत. त्यात मुले लवकर घरी पोचतात हा फायदाच. गाड्यांच्या वेळा अधूनमधून बदलतात, तिकिटावरची वेळ प्रमाण माना. रेल्वेची तिकिटे अजिबात मिळाली नाहीत तर दादरहून शिवनेरी, पण बसमध्ये स्वच्छतागृह नसते आणि द्रुतगती मार्गावर रविवारी संध्याकाळी कोंडी झाली तर तीन तासांचे पाच होतात.

सामानाबद्दल थोडेच. बाबागाडी घरी ठेवा. पादचारी पूल, उंच पदपथ आणि लोकल यांत ती उचलूनच न्यावी लागते. पायात रोजचे मळलेले बूट, नवे नकोत. प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड मोठ्यांच्या पाठीवरच्या पिशवीत, सुटकेसमध्ये नाही. दशम्या, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, प्रत्येकाची पाण्याची बाटली. ओले फडके, तापाचे नेहमीचे औषध, मीठ-साखरेची पाकिटे.

तारखा निवडताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा, पण काही दिवस टाळा. सहा डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी राज्यभरातून लोक चैत्यभूमीवर येतात, आधीच्या दोन-तीन दिवसांत गाड्या आणि सीएसएमटी-दादर स्थानके पूर्ण भरलेली असतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉनसाठी दक्षिण मुंबईतले रस्ते सकाळी बंद असतात, टॅक्सी मिळत नाही. नाताळ ते एक जानेवारी खोल्या महाग आणि गेटवे तुडुंब. उलट जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस काळा घोडा कला महोत्सव असतो, त्यात मुलांसाठीच्या कार्यशाळा असतात. त्या आठवड्यात जाणार असाल तर रविवारचे संग्रहालय आणि महोत्सव एकाच चौकात होतात. फक्त सकाळी जा, संध्याकाळी तिथे मुलांना धक्क्याबुक्क्यांत उभे राहावे लागते.

मे महिन्याखेरीज सुट्टीच नसेल तर आराखडा हाच ठेवा, पण सकाळचे ठिकाण साडेअकराला संपवा, दुपारची विश्रांती पाचपर्यंत लांबवा आणि बोट सूर्यास्ताच्या वेळी घ्या. जून ते सप्टेंबरमध्ये बोट गृहीत धरू नका. त्या दिवसांत शनिवारी दुपारी संग्रहालय आणि रविवारी विज्ञान केंद्र असे दोन्ही छताखालचे पर्याय घ्या. राणीची बाग शनिवारी सकाळी पाऊस थांबलेला असेल तरच, आणि रेल्वेच्या रुळांवर पाणी साचल्याची बातमी आली तर खोलीवरच थांबून खिडकीतून पाऊस बघा.